मूमल डावीकडे झुकते

पहिला दिवस : उदयपूरबाहेरची पागा

घोडे बघायला मिळाले ते दुपारी. सकाळभर हुकुम आम्हालाच बघत होते. (पागेच्या मालकांना इथे लहानथोर सगळे ‘हुकुम’ म्हणतात, मग आम्हीही तेच धरलं.) त्यांनी आम्हाला अंगणात इकडून तिकडे चालायला लावलं, ओट्यावरून खाली उडी मारायला लावली, बाजरी तोलायच्या काट्यावर एकेकाला उभं केलं. मग प्रत्येकाच्या हातात लगामाचं एक टोक दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि गप्पा सुरू केल्या. पुष्करच्या मेळ्यात यंदा काय भाव होते, कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यात नक्की घालतात काय, मुंबईचा पाऊस. बोलण्याच्या नादात कुणाचा हात आवळतो आणि कुणाचा सैल राहतो हे ते त्या चामड्याच्या पट्टीतून चाचपत होते, हे संध्याकाळी काकोसांनी सांगितलं. काकोसा पागेचे जुने मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. ते फार बोलत नाहीत, आणि बोलले तर बहुतेक घोड्यांशीच.

आम्ही चौघं उदयपूर ते घाणेराव अशा घोड्यावरच्या सफरीला आलो होतो. शहाद्याच्या मावशी गणिताच्या निवृत्त शिक्षिका, साठी उलटलेली. लहानपणी वडिलांच्या घोडीवर बसून शेतावर जायच्या. कोल्हापूरचे डॉक्टर आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. चौथी मी, पुण्यात रायडिंग स्कूलमध्ये शिकलेली, म्हणजे रिंगणात पक्की आणि रिंगणाबाहेर जरा बिचकणारी.

वजनाचं कारण सरळ होतं. मारवाडी घोडा साधारण ३५० ते ४५० किलोचा. स्वार, खोगीर, खोगिराखालची घोंगडी, पाण्याची बाटली हे सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यात बसावं असा जुना ठोकताळा आहे, आणि डोंगर चढायचे तर त्याहून कमीच बरं. डॉक्टर काट्यावर उभे राहिले आणि काकोसांनी नुसतं “बादल” म्हटलं. पागेत तेवढ्या हाडापेराचा तो एकच होता. उंच, सब्जा (करड्या-पांढऱ्या रंगाचा), शांत.

बाकीच्या वाटपाने मात्र आम्ही चक्रावलो. डॉक्टरांची मुलगी बुजरी, हळू बोलणारी. तिच्या वाट्याला आली बिजली : अबलख (पांढऱ्यावर गडद पट्टे असलेली), नाजूक कातडीची, ठाणावर बांधलेली असतानाही चारही पायांवर थुईथुई नाचणारी घोडी. मावशींना केसर, पागेतली सगळ्यात वयस्क. आणि मला मूमल. रंग कुम्मैत, म्हणजे काळसर तांबडा, कपाळावर चांदणी, आणि मारवाडी घोड्यांचे ते आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे कान. काकोसा तिच्यावर बसून एक फेरी मारून आले. घोडी सरळ चालतच नव्हती. अंगणाच्या मधून निघाली आणि हळूहळू डावीकडे झुकत भिंतीला लागली. काकोसांनी तिला मध्यावर आणलं, ती पुन्हा डावीकडे. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं.

मग मी बसले, तर मूमल सरळ चालली. फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली, अगदी रेघ ओढल्यासारखी. मी खूश. हुकुम काही बोलले नाहीत, मिशीत हसले.

दुसरा दिवस : डोंगराच्या कडेने उत्तरेला

निघतानाच डॉक्टरांनी विषय काढला. मुलीला बिजलीवर बसवायला त्यांचा जीव होत नव्हता. “तिला बादल द्या. या बिजलीला मी सांभाळतो.” ते पंधरा वर्षं घोड्यावर बसतात, मांड पक्की आहे, बापाची काळजी रास्त आहे. हुकुमनी एकदा बिजलीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांच्या हातांकडे. वजनाचं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “आज सपाटी आहे. उद्यापर्यंत देतो.”

पुढची २० किलोमीटर आम्ही जे पाहिलं ते बघवत नव्हतं. बिजली चाल चालेना की दुडकी धरेना, दोन्हीच्या मधलं काहीतरी अखंड उधळणं. डॉक्टर लगाम आवळत, ती मान वर फेकी, ते आणखी आवळत. दहा वाजेपर्यंत तिच्या मानेवर आणि मांड्यांच्या आत पांढरा फेस आला. नोव्हेंबरची थंडी होती, बाकीचे घोडे कोरडे ठणठणीत. डॉक्टरांनी वाईट वागवलं असं अजिबात नाही. त्यांचे हात सर्जनचे, नेमके आणि ठाम, पण प्रत्येक क्षणी काहीतरी करत राहणारे. त्या घोडीच्या तोंडाला तेवढी भाषा सोसत नव्हती.

आणि बादल? तो मुलीखाली झोपला. शब्दशः डोळे मिटून चालला, दिसेल त्या झुडपाशी थांबून खायला लागला. ती बिचारी टाचेने हळूच विचारी, “चलायचं का?” त्याला ते ऐकूच जाईना. शेवटी दोघं इतके मागे पडले की काकोसांना परत जाऊन त्यांना आणावं लागलं.

दुपारी एका गावाच्या सिमेंटच्या हौदाशी थांबलो. बादल पाण्याला तोंड लावेना. डॉक्टर वैतागून म्हणाले, “काय रे, संताजी-धनाजी दिसले का पाण्यात?” आम्ही तिघी खोखो हसलो. हुकुमनी अर्थ विचारला. औरंगजेबाच्या फौजेतले घोडे बिचकले की मोगल स्वार असं विचारायचे, ही आमच्याकडची गोष्ट मावशींनी अभिमानाने सांगितली. हुकुमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मासीसा, आमच्या घोड्यांना पाण्यात होळकर आणि शिंदे दिसायचे.” मावशी एकदम गप्प. अठराव्या शतकात मराठी फौजांनी मेवाडकडून केवढी खंडणी उकळली हे आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतं. इथे घराघरात ते लक्षात आहे. मग तेच हसले, आणि आम्ही सुटलो.

संध्याकाळी डॉक्टर बिजलीवरून उतरले. तिचं खोगीर त्यांनी स्वतः काढलं, स्वतः पाऊण तास तिला खरारा केला, आणि जेवताना मुलीला म्हणाले, “उद्या तू बस तिच्यावर.” त्यापलीकडे त्या विषयावर चकार शब्द नाही.

तिसरा दिवस : हळदीघाटी

सकाळी बिजली आणि मुलगी. मी मुद्दाम त्यांच्या मागे मूमल ठेवली. पोरीने रिकिबीत पाय घातला, लगाम उचलला आणि काहीच केलं नाही. तिच्या हाताला सवयच नाही काही करायची. बिजलीने दोनदा मान झटकली, काही विरोध येतो का पाहिलं; आला नाही. तिसऱ्यांदा मान खाली गेली, पाठ सैल झाली, आणि थोड्या वेळाने घोडीने रेवाल धरली. मारवाडी घोड्यांची ही एक खास चाल आहे. दुडकीसारखे हिसके नाहीत, स्वार जागचा हलत नाही. हातात भरलेला पेला धरून बसा म्हणतात. मुलगी मागे वळून बापाला म्हणाली, “बाबा, ही चालतेय की वाहतेय?” बाबा बादलवर होते, आणि आदल्या दिवशी झोपलेला तोच बादल डॉक्टरांच्या ठाम पायांमध्ये कान टवकारून शहाण्यासारखा चालला होता. त्याला कुणीतरी स्पष्ट सांगणारं हवंच होतं.

तापट घोड्यावर तगडा स्वार हवा, हा समज मी रायडिंग स्कूलपासून ऐकत आलेय. फार घोडे यात वाया गेले असतील.

दुपारी घाटीत आलो. माती खरंच हळदीच्या रंगाची आहे, हाताला लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलकंद आणि गुलाबजलाची दुकानं. इथला चैत्री गुलाब प्रसिद्ध आहे. १८ जून १५७६ रोजी महाराणा प्रताप आणि मानसिंगाच्या हाताखालची मोगल फौज इथे भिडली. पुढची कथा शाळकरी पोरांनाही पाठ असते : चेतकने मानसिंगाच्या हत्तीवर पुढचे पाय रोवले, हत्तीच्या सोंडेतल्या तलवारीने त्याचा पाय कापला गेला, तरी तीन पायांवर राण्याला रणातून बाहेर काढलं, ओढा ओलांडला आणि पलीकडे प्राण सोडला. बलीचा गावाजवळ त्याची छत्री, म्हणजे समाधी आहे. लहानशी, नेटकी, जवळ महादेवाचं देऊळ.

मी तिथे जरा चोंबडेपणा केला. त्या काळच्या नोंदींत राण्याच्या घोड्याचं नाव सापडत नाही, अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी तर स्वतः लढाईत हजर होता आणि त्यानेही असा पराक्रम लिहिलेला नाही. चेतक हे नाव आणि ही कथा पुष्कळ नंतरच्या काव्यांतून आली, राजपुतान्याचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने ती जगभर नेली. हे मी मोठ्याने बोलले. डॉक्टरांनी डोळे वटारले. हुकुम मात्र चिडले नाहीत. म्हणाले, “नाव नसेल. पण राणा त्या दिवशी लढाईला पायी तर गेले नव्हते ना?” आणि छत्रीच्या पायरीला हात लावून कपाळाला लावला.

मला त्यांचं म्हणणं पटतं. एका घोड्याने त्या गर्दीतून त्या माणसाला जिवंत बाहेर आणलं, एवढं नक्की. हत्तीच्या गंडस्थळाकडे तोंड करून उभं राहायला लावणं म्हणजे घोड्याच्या सगळ्या उपजत बुद्धीविरुद्ध जाणं आहे. त्याला पळायचंय, शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो धर्मच. त्यासाठी वर्षानुवर्षं रोज एकाच हाताची, एकाच आवाजाची सवय लागते. माझ्या मते कथेतला खरा पराक्रम त्या ओढ्यावरच्या उडीत नाही, लढाईच्या आधीच्या हजार कंटाळवाण्या सकाळींत आहे. पण त्यांच्यावर कोण पोवाडा करणार?

चौथा दिवस : मोलेला

बनास नदीच्या काठाने. मोलेला गावात भाजलेल्या मातीच्या मूर्ती करतात, पाटीवर उठावाच्या. भिल्ल, गुजर, गमेती लोक लांबून येऊन देवळात बसवायला त्या घेऊन जातात. देवनारायण हा इथला लोकदेव बहुतेक पाट्यांवर घोड्यावरच. त्याच्या घोड्याचं नाव लीलागर. मी विचारलं, घोड्याशिवाय देवनारायण करता का? कुंभार माझ्याकडे बघतच राहिला.

मावशींनी तिथे एक वेगळंच प्रकरण उघडलं. त्यांच्या वडिलांनी घोडी घेतली होती सारंगखेड्याच्या यात्रेत, आणि घेताना अख्खा दिवस तिच्या अंगावरचे केसांचे भोवरे तपासले होते. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत आजही हेच चालतं : गळ्याखाली देवमण हा शुभ भोवरा असेल तर भाव चढतो, भोवरा भलत्या जागी असला तर सोन्यासारखं जनावर पडून राहतं. हुकुमही त्याच पंथातले निघाले. डोळ्याखाली भोवरा म्हणजे ‘आंसूढाल’, असा घोडा मालकाला रडवतो म्हणे. दोघांनी मिळून मूमलचे सगळे भोवरे मोजले आणि पसंतीची मान डोलावली. मला हा सगळा खुळचटपणा वाटतो, पण एका बाबतीत तो उपयोगी आहे. भोवरे शोधण्याच्या निमित्ताने गिऱ्हाईक घोड्याच्या अंगावरून तळहात तरी फिरवतं, सुजलेली नस, जुनी जखम, पाठीवरचा खोगिराचा घट्टा हाताला लागतो.

मग मी तो प्रश्न विचारला. मूमल काकोसांखाली डावीकडे जाते, हुकुमखाली जाते, माझ्याखाली का जात नाही?

हुकुम म्हणाले, “बहनजी, तुमच्या डाव्या बुटाची टाच बघा.”

बघितली. बाहेरच्या कडेने झिजलेली. माझा डावा पाय जड आहे हे मला रायडिंग स्कूलमध्ये इतक्यांदा ओरडून सांगितलं गेलंय की मी ऐकणं सोडून दिलं होतं. डाव्या पायाचा दाब पडला की घोडा उजवीकडे सरकतो. मूमलला जन्मापासून डावीकडे झुकायची खोड. ती डावीकडे जाते, मी नकळत तिला उजवीकडे ढकलते, आणि दोघी सरळ रस्त्याने चालतो. त्यांनी हे पहिल्या दिवशी, मी अंगणात चालत असतानाच पाहून ठेवलं होतं.

“मग गुण जुळवत नाही तुम्ही?”

“गुण काय, कुठेही खपतात,” हुकुम म्हणाले. “खोड कुणाकडे खपेल ते बघावं लागतं.”

मावशी म्हणाल्या, “आमच्याकडे लग्नं अशीच जमवतात.” डॉक्टर एवढ्या जोरात हसले की बादल दचकला.

पाचवा दिवस : कुंभलगडची चढण

कळलं आणि बिघडलं. काल संध्याकाळपासून मला माझा डावा पाय दिसायला लागला होता. रायडिंग स्कूलची शिस्त अंगात. चूक कळली की सुधारायची. मी टाच हलकी ठेवली आणि मूमल थेट डाव्या हाताच्या थोराच्या झुडपात घुसली. पाय दाबला, तर जास्त दाबला गेला आणि आम्ही उजवीकडच्या शेतात. जे तीन दिवस आपोआप चाललं होतं ते मुद्दाम करायला गेल्यावर एक पाऊल धड पडेना. मूमलचा एक कान सतत माझ्याकडे वळलेला. घोड्याचा कान कुठे त्यावरून त्याचं मन कुठे ते कळतं. तिचं मन त्या दिवशी या प्रश्नात होतं की ही बाई आज अशी काय करतेय.

वाटेत केसरची मागची नाळ वाजायला लागली. काकोसांनी तिथेच खूर मांडीवर घेऊन खिळे ठोकले, बाहेर आलेली टोकं मुडपली, कानशीने घासली. मावशी केसरच्या तोंडाशी उभ्या राहून तिला गेल्या चाळीस वर्षांतल्या दहावीच्या निकालांबद्दल काहीतरी सांगत होत्या. या दोघींची जोडी कशी जमली हे मला विचारू नका. पहिल्याच सकाळी जमली होती, बघण्यासारखं काही घडलंच नाही. शेवटच्या खड्या चढणीला सगळ्यांना उतरवलं आणि घोड्यांना हाताने धरून नेलं.

कुंभलगड साधारण ११०० मीटर उंचीवर आहे, तटबंदी ३६ किलोमीटर लांबीची, महाराणा प्रतापांचा जन्म १५४० साली इथलाच. तटावरून आठ घोडेस्वार शेजारी शेजारी जातील असं प्रत्येक गाइड सांगतो. घोडे अर्थात खाली राहिले, आम्ही पायी गेलो, आणि वर जाऊन चौघंही खाली घोडे कुठे दिसतात तेच शोधत होतो. गडाचं वर्णन पुष्कळांनी केलंय, मी सोडते.

सहावा दिवस : अभयारण्यातून घाणेरावकडे

या उतारावर बिबट्या, अस्वल, लांडगा सगळं आहे. ओल्या मातीत बिबट्याचे ठसे होते, ताजे म्हणावेत असे. मूमलने हुंगले आणि पुढे चालली. वानरं ओरडली, तिने कान फिरवले, बस्स. अर्धं जंगल असं गेलं. मग एका शेताच्या बांधावर पाइपावर टाकलेली निळी ताडपत्री फडफडली आणि माझी घोडी एका उडीत रस्ता सोडून चार हात बाजूला.

पडले नाही. पण पुढे पुन्हा शेत होतं आणि पुन्हा निळं काहीतरी. मी लांबूनच पाहिलं, आणि मूमलला दिसायच्या आधीच ती ताठली. डॉक्टर मागून म्हणाले, “ताडपत्रीला नाही, तुम्हाला घाबरली ती.” मग त्यांनी तो प्रयोग सांगितला. २००९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी स्वारांना सांगितलं, आता घोडा पुढून गेला की एक जण छत्री फाडकन उघडणार. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी स्वाराच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्याबरोबर घोड्याचेही. घोड्याला छत्रीचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

“मग करू काय? घाबरायचं नाही असं ठरवून होतं का?”

“ठरवू नको,” मावशी म्हणाल्या. “पाढे म्हण. मोठ्याने. पाढे म्हणताना श्वास अडकत नाही.”

“बे एके बे?”

“ते झोपेत येतात. एकोणतीसचा म्हण.”

तर अरवलीच्या त्या उतारावर, खाली गोडवाडचं सपाट मैदान धुक्यात दिसत असताना, मी मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणत चालले. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. चोकला अडखळले, मावशी पुढून ओरडल्या, “सोळोदरसे!” (म्हणजे एकशे सोळा.) निळी ताडपत्री आली. फडफडली. मूमलने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं, एक कान तिकडे, एक कान माझ्या पाढ्याकडे, आणि चालत राहिली. एकोणतीस नवे एकसष्टे दोनशे. ताडपत्री मागे गेली होती. आणि मग लक्षात आलं की आपण बराच वेळ सरळ चाललोय. पाय विसरला होता मला.

काकोसांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला उद्देशून काहीतरी म्हटलं. “गाणं चांगलं आहे.” मावशींनी त्यांना गैरसमजातच ठेवलं.

मुछाळा महावीरांच्या देवळापाशी विसावा. मिशा असलेले महावीर, जंगलात, शांत. मुक्काम पुढे एका ओरणाच्या कडेला, देवाच्या नावाने राखलेल्या रानात.

रात्री भोपा, म्हणजे लोकदेव पाबूजींची गाथा गाणारा पुजारी, आला. कापडी फड दोन काठ्यांमध्ये ताणला, त्यावर पाबूजींचं अख्खं चरित्र रंगवलेलं. तो रावणहत्था हे तंतुवाद्य वाजवत गायचा, त्याची बायको भोपी हातातला दिवा ज्या चित्रावर नेई तेवढाच प्रसंग उजेडात. पाबूजींची घोडी केसर कालमी. देवल चारणीकडून त्यांनी ती मागून घेतली ते एका वचनावर : माझ्या गाईंवर संकट आलं तर असाल तिथून धावून याल. पुढे पाबूजी बोहल्यावर उभे असताना जिंदराव खीचीने गाई वळवल्या. घोडी मंडपाबाहेर खिंकाळायला आणि दोर तोडायला लागली. पाबूजी फेरे अर्धवट टाकून उठले आणि तिच्यावर बसले, आणि त्यातच कामी आले.

डॉक्टरांच्या मुलीने विचारलं, “म्हणजे वचन घोडीने पाळलं?” हुकुम म्हणाले, “आठवण घोडीने केली, बाईसा. पाळलं दोघांनी.” आमची केसर अंधारात पलीकडे तोबऱ्यात तोंड घालून चंदी चघळत होती. तिचं नाव कुणावरून ठेवलं हे मावशींना तेव्हा कळलं, आणि त्या उठून तिला मूठभर गूळ देऊन आल्या. दात पडायला आलेत तिचे, हे काकोसांनी दोनदा बजावूनही.

शेवटचा दिवस : फालना

घाणेरावपासून फालना स्टेशन जीपने. घोडे ट्रकने परत उदयपूरला. ट्रकच्या फळीवर चढायला बिजली बिलकूल तयार नव्हती. काकोसा, दोन पोरं, दोरखंड, सगळे थकले. मुलगी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली, काही न करता, दोर हातात सैल. पाच मिनिटांनी दोघी वर चढल्या. मुलीला मग ट्रकमधून खाली उतरवणं हेच जास्त जिकिरीचं झालं. डॉक्टरांनी बिजलीची किंमत विचारली. हुकुमनी सांगितली नाही. “बाईसांचं शिक्षण होऊ द्या,” एवढंच.

मी मूमलचे खूर स्वतः साफ केले, पाठीवरून हात फिरवून घट्टा कुठे नाही ना ते पाहिलं. हुकुमना विचारलं, आता हिच्यावर कोण बसणार? म्हणाले, जानेवारीत एक फ्रेंच बाई येणार आहेत, त्या फोनवर म्हणाल्या की त्या अगदी सरळ बसतात. “मग त्यांना मूमल नाही,” मी म्हटलं. “त्यांना मूमल नाही,” ते म्हणाले. मला उगाच बरं वाटलं.

प्लॅटफॉर्मवर मुंबईची गाडी यायला वेळ होता. हुकुम मार्गशीर्षात दत्त जयंतीला सारंगखेड्याला निघणार होते, घोडे घेऊन. विकायला नव्हे, म्हणाले, दाखवायला, पण डोळ्यांवरून पुष्करचा हिशेब अजून मिटलेला दिसत नव्हता. मावशींनी लगेच निमंत्रण दिलं. “यात्रेत कशाला राहता? माझ्याकडे उतरा. वडिलांच्या वेळचा गोठा आहे मोठा. गव्हाण आहे, पाणी आहे. तीन घोडे आरामात बांधाल.”

“मासीसा, चार आणतोय.”

“चौथा कोणता?”

“बादल.”

मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर फोनच्या कॅलेंडरमध्ये दत्त जयंती कोणत्या वारी येते ते शोधत होते.

“त्याला व्हरांड्यात बांधू,” मावशी म्हणाल्या. “झोपतो तर नुसता.”